चिंचोबानं कवच टाकलं

"डावी," आबा म्हणाले.

सांगायची गरज नव्हती. मी डोळे फाडून चिंचोबाकडेच बघत होते. त्याच्या दोन खांद्यांवर आबांनी पाण्याचा हात फिरवून कण्हेरीच्या दोन कळ्या चिकटवल्या होत्या. उजवी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. उजवी जागची हलली नाही. डावी सुटली, शेंदरावरून घसरत आली आणि देवाच्या पायाशी पडली.

"आबा, पानी कमी लागलं असंल तिला. पुन्यांदा लावा की."

"पुन्यांदा?" आबांनी पडलेली कळी उचलून ताम्हनात ठेवली. "आजपातूर कुनाला पुन्यांदा कौल लावून दिलाय मी?"

"कुनालाच न्हाई."

"मंग तू काय आभाळातनं पडलीस?"

एवढं बोलून ते उठले, हात धुतले आणि घराकडे चालू लागले. मी तिथेच पाराबाहेर आलेल्या चिंचेच्या मुळीवर बसून रडले. चांगली नाक शिंकरत, मोठ्यानं रडले. बाजाराच्या वाटेनं जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या, तरी थांबले नाही.

रडण्यासारखंच होतं. मी, मालन भैरू गुरव, त्या उन्हाळ्यात मॅट्रिक पास झाले होते. आमच्या शाळेतल्या सबनीसबाईंनी खटपट करून जिल्ह्याच्या गावी मुलींच्या अध्यापक विद्यालयात मला जागा मिळवली होती. राहायला वसतिगृह, फी माफ. सोमवारच्या गाडीनं बाई स्वतः मला घेऊन जाणार होत्या. फक्त आबांनी हो म्हणायचं राहिलं होतं. ते नको म्हणत नव्हते, पण हो म्हणायलाही त्यांची जीभ रेटत नव्हती. "चिंचोबाला इचारू," एवढंच म्हणत राहिले.

करंजोळात सगळंच चिंचोबाला विचारून व्हायचं. लग्न, विहीर, बैलाची खरेदी, घराचं तोंड कुठं करायचं ते. सरपंच हिंदुराव पाटलांनी ट्रॅक्टर घ्यावा की नाही हेसुद्धा त्याच्याच खांद्यावर ठरलं होतं. विचारणारा हात आमच्या आबांचा, कारण गुरवकी आमच्या घराण्याची. देवापुढं येणारा नारळ, तांदूळ आणि श्रावणातल्या यात्रेचं धान्य यावर आमचं घर चालायचं.

हा देव नक्की कोण, हे मात्र कुणालाच सांगता येत नसे. कमरेएवढा उंच, गोलमटोल, शेंदरानं माखलेला आणि वर चांदीचे दोन डोळे. कुणी त्याला म्हसोबाचा भाऊ म्हणे, कुणी वेताळ. चिंचेखाली बसलाय म्हणून चिंचोबा. दर अमावास्येला आबा तेलात शेंदूर कालवून त्याच्या अंगाला लावत. त्यांच्या वडिलांनी लावला, आजोबांनी लावला. थरावर थर चढून देव बाळसं धरत चालला होता. आई म्हणायची, "आमच्या घरात अंगाला लागतंय ते ह्येच्या एकट्याच्याच."

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं आबांशी भांडून पाहिलं.

"अवं, पोरीनं रातीचा दिवस करून परीक्षा दिली. आनि एका कळीसाठी घरात बसवायची तिला?"

"आगं, तानूआत्यानं देवाच्या शब्दावर हीर खांदायची थांबवली. हिंदुरावानं ट्रॅक्टर सोडला. त्यांना मीच सांगितलं न्हवं, देवाचा शब्द मोडू नगा म्हनून? आता माझ्या पोरीवर आलं की मी मोडू? गावात तोंड कसं दाखवू?"

"तोंड दाखवायला पोरीचं वाटोळं करा."

आबा ताट सारून उठले. अर्धी भाकरी तशीच राहिली होती.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि मला राग त्याचाच येत होता. आबा लबाड असते तर माझं काम किती सोपं झालं असतं. एक कळी जरा जास्त दाबायची, दुसरी जरा कमी, कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण आमचा बाप तसल्यातला नव्हता. मग मी सगळा राग चिंचोबावर काढला. मला येत होत्या तेवढ्या शिव्या त्याला मनातल्या मनात घातल्या. आजवर आल्यागेल्याला हो म्हणालास आणि माझ्यावरच बरा उठलास, असं त्याला हज्जार वेळा सुनावलं.

रविवारी सकाळी आबा पूजेला गेले आणि गेल्या पावली परत आले. हातातली कळशी तशीच भरलेली होती. खांद्यावर उपरणं नव्हतं.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"देवानं कवच टाकलं."

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. वर्षानुवर्षं चढलेला शेंदूर एखाद्या दिवशी आपल्या वजनानं सुटून पडतो, त्याला कवच टाकणं म्हणतात. मग आतला मूळ देव उघडा पडतो, आणि त्या उघड्या देवावर गुरवाशिवाय कुणाची नजर पडू द्यायची नाही. लगेच पडदा लावायचा, नवा शेंदूर चढवायचा, जुनं कवच वाजतगाजत नदीत सोडायचं. आबांनी हे सगळं आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. करावं कुणालाच लागलं नव्हतं, वडिलांनाही नाही. आपलं उपरणं देवावर टाकून ते धावत घरी आले होते.

घटकाभरात निम्मं गाव चिंचेखाली जमलं. चार वासे रोवून भोवती घोंगड्या बांधल्या. हिंदुराव पाटील पांढराशुभ्र फेटा बांधून आले आणि आल्याबरोबर पुढं झाले.

"भैरू, आत काय निघतंय ते बघ. तसली काय जुनी मूर्ती निघाली तर ह्या साली देऊळच बांधू. रस्त्याला कमान घालू. यात्रा दुप्पट हुईल."

"आनि कोपला असंल तर?" तानूआत्या म्हणाली. ही गावातली सगळ्यात म्हातारी आणि तिखट जिभेची बाई. "उगंच कशाला कापडं टाकंल देव?"

आबा घोंगडीच्या आत गेले. बरोबर तेलाची बुधली आणि शेंदराची परात. आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो. हलगीवाला हलगी तापवून तयार होता. कधी एकदा आबा आतून हाक देतात आणि कधी एकदा वाजवतो असं त्याला झालं होतं.

पण हाक काही येईना. शेंदूर कालवल्याचा आवाज नाही, मंत्राचा आवाज नाही. लोक कुजबुजायला लागले. हिंदुराव दोनदा खाकरले.

मग घोंगडीची कड जराशी हलली आणि आबांचा आवाज आला. "माले, आत ये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चिंचोबाच्या पाराला आमच्या घरातल्या बाईनंसुद्धा कधी पाय लावला नव्हता. मी आणि आई हार करायचो, पत्रावळी लावायचो, पण पाराच्या खाली बसून.

"भैरू!" हिंदुराव ओरडले. "बाईमानूस आत? तेबी असल्या टायमाला?"

"परात धराया कुनीतरी पायजे. माझ्या घरची हाय ती."

"पोरगा बलव की कुनाचातरी."

"माले, ये म्हनलं न्हवं?"

आबांचा तसला आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. मी पाराला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत शिरले.

आत घोंगड्यांतून झिरपणारा अंधुक उजेड होता. चिंचोबा नव्हता. त्याच्या जागी एक काळा, नीट घडवलेला, वरच्या बाजूला गोल केलेला दगड उभा होता. खाली शेंदराची मोठमोठी ढेकळं पडली होती आणि त्यात चांदीचे दोन डोळे उताणे होऊन आभाळाकडं बघत होते. दगडाचं अंग इतक्या वर्षांच्या तेलानं चकाकत होतं. आणि त्यावर वरपासून खालपर्यंत अक्षरं होती.

"माले," आबा कुजबुजले, "ही अक्षरंच हायत न्हवं?"

"व्हय."

"मंत्रबिंत्र हाय का? शाप लिवलाय?"

"मराठी हाय, आबा."

"वाच मंग. हळू वाच, भाईर जाऊ देऊ नगंस."

आबांना वाचता येत नव्हतं. पूजेचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं, पण स्वतःचं नाव लिहायची वेळ आली की ते अंगठा पुढं करत. मी खाली बसले. काही अक्षरांत शेंदूर घट्ट बसला होता. केसातला आकडा काढून मी तो खरवडला आणि एकेक शब्द लावत वाचलं.

*ह्या चिंचेखालीं करंजोळ गांवची पहिली शाळा शके १७९१ सालीं भरली. मुलगे व मुली यांस येथें अक्षरें शिकविलीं. पुढील लोकांस कळावें म्हणून गांवानें हा दगड बसविला.*

"पयली काय?" आबांनी विचारलं.

"शाळा."

"कसली शाळा?"

"शाळा, आबा. आपली शाळा असती तशी. गावातली पयली शाळा हितं भरायची, त्येची खूण हाय ही."

आबा परात हातात घेऊनच खाली बसले. परातीतला शेंदूर त्यांच्या धोतरावर सांडला, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हंजी ह्यो द्येव न्हाई?"

काय सांगणार? खरं तर मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. बाहेर अख्खं गाव उभं होतं.

"मदी काय म्हनलीस? मुलगे व..."

"मुली."

"नीट बघ. मुली लिवलंय? आपल्या गावात? तवा?"

"लिवलंय आबा. मुलगे व मुली यांस येथें अक्षरें शिकविलीं."

बाहेरून हिंदुरावांची हाक आली, "भैरू, झालं का?" तेव्हा मी भानावर आले. आणि मीच म्हणाले, मीच, जिनं दोन दिवस त्या देवाला शिव्या घातल्या होत्या ती, "आबा, लावा शेंदूर. लौकर लावा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कुनाला कळनार हाय?" मी म्हणाले. "दोघांनीच बघितलंय. यात्रा गेली तर आपुन खायाचं काय? आई काय करंल? लावा शेंदूर, मी डोळं बसवते."

"पुढील लोकांस म्हंजी कोन गं?" आबांनी विचारलं.

"मागनं येनारी मानसं."

"म्हंजी आपुनच की."

"व्हय, पन आबा..."

"त्येंनी आपल्यासाठी सांगून ठिवलं. आनि आमी बापआज्यापासनं त्येंचं तोंड लिंपत बसलो." त्यांनी परात बाजूला सारली. "कळत नव्हतं तवर ठीक हुतं, पोरी. आता तू वाचून दाखवलंस. आता माझ्या हातनं हुनार न्हाई."

मग ते पडलेली ढेकळं गोळा करायला लागले. नदीत सोडायची म्हणून अंगच्या सवयीनंच ते करत होते. एक मोठा तुकडा त्यांनी उचलला आणि उलटा करून बघितला. पुन्हा सुलटा केला. तो देवाच्या डाव्या खांद्याचा तुकडा होता. आतली बाजू कोरडी ठाक, धुळीनं भरलेली, त्यात मुंग्यांचं घर. उजवीकडचे तुकडे मात्र आतून ओलसर, ताजे सुटलेले.

"ह्यो आज सुटला न्हाई," आबा म्हणाले. "ह्यो कवाचा सुटलाय. नुसता लोंबत हुता."

मी वर बघितलं. चिंचोबाचं तोंड उत्तरेला, म्हणजे डावं अंग मावळतीकडं. त्या बाजूची चिंचेची मोठी फांदी गेल्या हिवाळ्यात विजेच्या तारांसाठी तोडली होती. सगळा उन्हाळा दुपारचं ऊन नेमकं त्या खांद्यावर पडलं होतं. शेंदूर उकलला, फुगला, पुढं कलला. कलत्या फुगवट्यावर ओली कळी टिकणार कशी?

मी हे बोलून दाखवलं नाही. आबांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्यांना ते माझ्याआधीच कळलंय.

"शिमग्यापासनं एकबी कौल उजवा पडला न्हाई," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मला वाटलं, औंदा देव रुसलाय. आगं, कितीजनांला न्हाई म्हनलो मी."

माझ्या बापाचा तो चेहरा मी अजून विसरले नाही. देव गेल्याचं जेवढं दुःख त्यांना झालं नव्हतं तेवढं याचं झालं होतं. घरी कुणी मेल्यासारखे ते बसून होते. मग त्यांनी हाताची धूळ झटकली, उभे राहिले आणि घोंगडीची दोरी ओढली.

घोंगड्या खाली पडल्या आणि बाहेर एकच ओरडा झाला. उघडा देव बघायचा नाही म्हणून सगळ्यांनी डोळे मिटले. बायकांनी पदर तोंडावर ओढले, पोरांच्या डोळ्यांवर आयांनी हात ठेवले. हिंदुराव पाटील पाठ फिरवून उभे राहिले. एवढं मोठं गाव भर सकाळी डोळे झाकून उभं, आणि समोर एक शाळेचा दगड.

"उघडा डोळं," आबा म्हणाले. "बघाया हरकत न्हाई."

कुणी उघडेना. तानूआत्या तेवढी बोटांच्या फटीतून बघत होती.

"आगं बया," ती म्हणाली, "ह्येला तर तोंडच न्हाई."

मग हळूहळू सगळे बघायला लागले.

"माले," आबा म्हणाले, "वाच. आता मोठ्यानं."

मी वाचलं. पुढं चौतीस वर्षं मी वर्गावर मोठ्यानं वाचत आले, पण एवढा शांत वर्ग पुन्हा मिळाला नाही. वाचून झाल्यावर चिंचेवरच्या चिमण्यांचा आवाज तेवढा येत होता. कुणीतरी मागून "पुन्हा वाच" म्हणालं. मी पुन्हा वाचलं.

"भैरू, डोस्कं फिरलंय का तुझं?" हिंदुराव पुढं आले. त्यांनी आवाज खाली आणला, तरी तो सगळ्यांना ऐकू येत होता. "आरं, पडदा हुता न्हवं? आत काय दिसलं ते गुरवानं गिळायचं असतंय. दोन महिन्यांवर यात्रा. दुसऱ्याचं जाऊ दे, तुझ्याच पोटावर पाय पडतोय."

"पडू दे, सरपंच."

"म्हंजी आता हितं देव न्हाई असं म्हनतोस तू?"

"देव हाय का न्हाई ते मला कळत न्हाई. ह्यो दगड शाळेचा हाय, एवढं माझ्या पोरीनं वाचलंय."

हिंदुराव लोकांकडं बघायला लागले, लोक तानूआत्याकडं. म्हातारी काठी टेकत पाराजवळ आली. तिनं दगडाला हात लावला, मग दोन्ही हात जोडले.

"म्हंजी इतकी वर्सं आमी शाळेच्या पाया पडत हुतो," ती म्हणाली. "मंग? कुनाच्या बाऽऽचं काय गेलं?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. आबा मात्र हसले नाहीत.

"आनखी एक सांगायचं हाय," ते म्हणाले. त्यांनी तो डाव्या खांद्याचा तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला. "ह्यो शेंदूर आतनं कवाचाच सुटला हुता. म्हनून डावी कळी पडत हुती. शिमग्यापासनं मी जे जे कौल दिले, ते धरू नगा. ते देवाचंबी न्हवतं आनि दगडाचंबी न्हवतं. माझ्या ध्यानात याया पायजे हुतं, आलं न्हाई. मला माफ करा."

आणि आमच्या आबांनी गावापुढं हात जोडले. ज्याच्या शब्दावर गाव चालायचं तो माणूस शेंदरानं माखलेलं धोतर नेसून पारावर उभा राहून माफी मागत होता. मला रडू फुटलं. लाजेनं नाही, अभिमानानं. तेवढा अभिमान मला पुढं कशाचाच वाटला नाही.

"थांब थांब," हिंदुराव म्हणाले. "म्हंजी माझा ट्रॅक्टर?"

"घ्या."

"आनि माझी हीर?" तानूआत्या.

"खांदा, आत्या."

"आरं मुडद्या! उन्हाळाभर वढ्यावरनं पानी वाहिलंय मी. कंबरडं मोडलं माझं." तिनं काठी उगारली. आबांनी पाठ पुढं केली. काठी हवेतच राहिली आणि तिनं ती खाली टेकवली. मग तिची नजर माझ्याकडं गेली.

"आनि ह्या पोरीचा काय निघाला हुता कौल? परवा तिकडं बसून भोकाड पसरलं हुतं तिनं."

"डावी," आबा म्हणाले.

"मंग लाव की पुन्यांदा. आता दगूड साफ हाय. ए पोरांनो, कन्हेरीच्या दोन कळ्या आना रं."

कळ्या आल्याही. तानूआत्यानं त्या आबांच्या हातावर ठेवल्या. सगळं गाव पुढं सरकलं. मला ते नको होतं, कारण तेलकट गुळगुळीत दगडावर कुठली कळी आधी सुटेल याचा काय भरवसा? आबांनी कळ्यांकडं बघितलं, दगडाकडं बघितलं. कळ्या त्यांनी दगडाच्या पायथ्याशी ठेवून दिल्या.

"न्हाई लावत," ते म्हणाले.

"का रं?"

"आता काय इचारायचं ऱ्हायलंय, आत्या? त्यानं लिवूनच ठिवलंय. मुलगे व मुली."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सबनीसबाई गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. आबांनी माझी पत्र्याची पेटी डोक्यावरून आणून टपावर चढवली. मी पाया पडले तेव्हा म्हणाले, "नीट ऱ्हा. पोटाला खा." एवढंच.

त्या एका सकाळची किंमत आमच्या घरानं किती मोजली, ते मला फार उशिरा कळलं. त्या श्रावणात यात्रा भरली, पण निम्मी. पुढच्या वर्षी पाळणेवाले आलेच नाहीत. काही लोक तरी नारळ घेऊन येत राहिले, आबा तो फोडून प्रसाद देत, पण कौल त्यांनी पुन्हा कुणालाच लावला नाही. लग्नसराईत ते सनई वाजवायला लांबलांबच्या गावांना जात. आई पत्रावळ्या लावून बाजारात विकायची. मला वसतिगृहात यातलं काही कळू दिलं नाही. सुटीत आले की ताटात तूप असायचं, आणि मी खुळी, ते रोजचंच आहे असं समजायची. हिंदुराव वर्षभर आबांशी बोलले नाहीत. ट्रॅक्टर मात्र त्यांनी त्याच महिन्यात घेतला.

शाळेचा दगड देव कसा झाला असेल, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. दसऱ्याला पाटीपूजन करताना पोरांनी दगडालाही हळदकुंकू वाहिलं असेल. मग शाळा दुसरीकडं गेली आणि हळदकुंकू मागं राहिलं. माझा अंदाज आपला. पण इतक्या वर्षांत तिथून रस्ता गेला, बाजार सरकला, पायऱ्यांचे आणि पारांचे दगड लोकांनी घरांच्या पायात घातले. देव होता म्हणून तेवढा एक राहिला. म्हणून चिंचोबावरही आता माझा राग नाही. मी त्याच्याही पाया पडते.

आता तिथं पंचायतीनं लोखंडी कठडा केलाय, शेजारी निळी पाटी लावलीय. अक्षरांत पांढरा रंग भरलाय. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा गावानं त्या चिंचेखाली माझा सत्कार केला, चांगली भाषणं झाली. पण मला त्या जागेचं आठवतं ते वेगळंच.

शिकायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी उन्हाळी सुटीला आले होते. गाडीतून उतरले तर चिंचेखाली कुणी परगावचं जोडपं गाडीची वाट बघत उभं होतं. बाई दगडाकडं बघून नवऱ्याला काही विचारत होती. आबा पारावर बसले होते. ते लगबगीनं उठले आणि दगडावर बोट ठेवून वाचायला लागले. वाचायला कसलं, त्यांना अजून एक अक्षर येत नव्हतं. माझ्या तोंडून दोनदा ऐकलेलं त्यांना पूजेच्या मंत्रासारखं पाठ झालं होतं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. बोट मात्र भलतीकडंच फिरत होतं. तोंडात पहिली ओळ, तर बोट तिसरीवर. शिकाऊ मास्तरीण मी, जाऊन त्यांचं बोट धरून नीट ठेवावं असं मला फार वाटलं. पण मी पेटी खाली ठेवून गुपचूप उभी राहिले.

"मुलगे व मुली यांस येथें अक्षरें शिकविलीं," आबा म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना मी दिसले.

ते थांबले. पुढची ओळ त्यांनी तशीच सोडून दिली. दगडावरचं बोट उचलून त्यांनी माझ्याकडं केलं आणि त्या परक्या बाईला म्हणाले, "ह्यातली एक माझी."